काम तोंडओळखीतून येतं

अमेरिकेत बॉस्टन शहराला लागून न्यूटन नावाचं एक उपनगर आहे. १९७०च्या आसपास मार्क ग्रॅनोव्हेटर या तरुण समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना गाठलं आणि विचारलं, ही नोकरी तुम्हाला कळली कुठून? ज्यांना ती कुणाच्या तरी ओळखीने मिळाली होती, त्यांना पुढचा प्रश्न होता: त्या काळात त्या माणसाची आणि तुमची भेट किती वेळा व्हायची? आठवड्यातून निदान दोनदा, असं सांगणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून, असं सांगणारे ५५.६ टक्के. वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी, असं सांगणारे २७.८ टक्के. म्हणजे ज्यांच्याशी रोजची ऊठबस, त्यांच्याकडून नोकरी कळलेली माणसं सर्वांत कमी होती. १९७३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’मध्ये हा निबंध छापून आला आणि आजही समाजशास्त्रात त्याचा दाखला सतत दिला जातो.

याचं कारण समजायला अवघड नाही. जिवलग मित्र आणि घरची माणसं आपल्यासाठी धावपळ करायला तयार असतात, पण त्यांना ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. आपण त्याच घरांत जातो, त्याच माणसांना भेटतो, त्याच बातम्या ऐकतो. जुन्या ऑफिसातली सहकारी, कार्यशाळेत शेजारी बसलेला माणूस, मुलीच्या वर्गमैत्रिणीची आई यांचं जग मात्र वेगळं असतं. आपल्याला कधीच कळली नसती अशी बातमी त्यांच्या कानावर सहज पडते.

फ्रीलान्सरला हे नोकरदारापेक्षा कितीतरी जास्त लागू पडतं. नोकरी करणारा माणूस आयुष्यात चार-पाचदा काम शोधतो. अनुवाद, चित्रं, फोटो, व्हिडिओ एडिटिंग, हिशेब किंवा वेबसाइटची कामं करणारा फ्रीलान्सर ते दर महिन्याला शोधत असतो. जवळच्या माणसांकडून मिळण्यासारखी कामं पहिल्या वर्षातच संपतात. पुढची सगळी कामं तोंडओळखीतून यायची असतात, आणि पूर्वी ही तोंडओळख टिकवणं फार कठीण होतं. कार्यशाळा संपली, कार्ड हातात पडलं, कार्ड ड्रॉवरमध्ये गेलं आणि सहा महिन्यांत नावही विसरलं. सोशल नेटवर्किंगच्या साइट्सनी फ्रीलान्सरसाठी केलेलं सर्वांत मोठं काम हे, की अशा शेकडो ओळखी फारशा कष्टाशिवाय जिवंत राहतात. या साइट्सना जाहिरातीचा भोंगा समजणाऱ्यांच्या हाती म्हणूनच फारसं काही लागत नाही.

ग्रॅनोव्हेटर यांच्या म्हणण्याची मोठी चाचणी २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. लिंक्डइन, एमआयटी, हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड इथल्या संशोधकांनी लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांची पाच वर्षांची माहिती तपासली. ‘या व्यक्तींना तुम्ही ओळखत असाल’ असं सुचवणाऱ्या यादीत कुणाला जवळची माणसं जास्त दाखवली गेली, तर कुणाला लांबची. त्या काळात सुमारे २ अब्ज नव्या ओळखी जुळल्या आणि ६ लाख नोकऱ्या बदलल्या. निष्कर्ष थोडा बारीक आहे. नोकरीला सर्वांत उपयोगी पडल्या त्या मधल्या ओळखी, म्हणजे अगदी परक्या नाहीत पण फार घट्टही नाहीत अशा. शिवाय ज्या उद्योगांत संगणकाचं आणि घरबसल्या करण्याचं काम जास्त, तिथे सैल ओळखींचा फायदा अधिक दिसला. जिथे ते कमी, तिथे घट्ट नातीच कामी आली.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडेही तपासून पाहण्यासारखा आहे. नाशिकमधल्या लग्नाच्या फोटोग्राफरला आत्या, मामी आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू जितकी कामं मिळवून देतील तितकी लिंक्डइन देणार नाही. त्याच नाशिकमध्ये बसून मोशन ग्राफिक्स करणाऱ्या मुलीला मात्र आत्याकडून एकही काम येणार नाही; तिचा क्लायंट बंगळुरूत किंवा दुबईत बसलेला असतो. तेव्हा कोणती साइट चांगली हा प्रश्न विचारण्याआधी, आपलं काम नेमकं कोण विकत घेतं आणि तो माणूस रोज कुठे डोकावतो, हे शोधायला हवं. कंपन्यांसाठी लेखन, प्रशिक्षण, हिशेब किंवा सॉफ्टवेअरचं काम असेल तर लिंक्डइन. डोळ्यांना दिसणारं काम असेल तर इन्स्टाग्राम आणि कामाचे नमुने मांडायची बिहान्स ही साइट. आणि आपल्या आजूबाजूच्या माणसांकडून मिळणारं काम असेल तर फेसबुकवरचे शहराचे ग्रुप आणि व्हॉट्सअ‍ॅप. सगळीकडे एकाच वेळी हजर राहायचा हट्ट धरला की कुठेच धड राहता येत नाही.

आता तोंडओळखीच्या माणसाच्या बाजूने विचार करा. त्याला तुमची आठवण कधी येईल? कुणीतरी त्याला विचारेल, ‘अहो, तुमच्या ओळखीत कुणी आहे का जो...’ तेव्हा. त्या क्षणी त्याच्या मनात तुमचं नाव एका कामाशी बांधलेलं असेल तरच ते तोंडून निघेल. ‘क्रिएटिव्ह प्रोफेशनल’ असं लिहिलेला माणूस अशा वेळी कुणालाच आठवत नाही. ‘मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते’, ‘मराठी व्हिडिओंना इंग्रजी सबटायटल्स करतो’, ‘डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या वेबसाइट्स बनवतो’ हे मात्र लक्षात राहतं. कामाची व्याख्या अशी अरुंद केली तर बाकीची कामं हातची जातील, अशी भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. अनुभव उलटा आहे. एका कामासाठी आलेला क्लायंट समाधानी झाला की बाकीची कामं तोच विचारतो. पण तो पहिल्यांदा यायला एक स्पष्ट कारण लागतं.

हे एक वाक्य लिहायला जागा थोडीच असते. इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये १५० अक्षरं बसतात, लिंक्डइनच्या नावाखालच्या ओळीत २२०. इन्स्टाग्रामवर नावाच्या रकान्यात जे लिहिलेलं असतं ते शोधात सापडतं. म्हणून तिथे नुसतं आपलं नाव न लिहिता पुढे ‘फूड फोटोग्राफर पुणे’ जोडणं शहाणपणाचं. मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. आपल्याकडच्या डीटीपीच्या जगात अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर बसवून त्याचं चित्र पोस्ट करण्याची सवय आहे. ते दिसायला सुबक असतं, पण त्यातलं एक अक्षरही शोधयंत्राला नीट वाचता येईल याची खात्री नसते. चित्राखाली तोच मजकूर युनिकोड देवनागरीत टाकायचा, आणि कामाचं व गावाचं नाव रोमन लिपीतही टाकायचं, कारण मराठी माणूससुद्धा शोधताना बहुतेकदा रोमनमध्येच टाइप करतो.

मग रोज काय टाकायचं? खरं तर रोज काही टाकायची गरजच नाही. साइट चालवणाऱ्यांना तुम्ही रोज तिथे असावं असं वाटतं, तुमच्या क्लायंटला तसं काही वाटत नाही. आठवड्यातून एक, पण कामाशी संबंधित आणि खरं, एवढं पुरेसं आहे. पूर्ण झालेलं पुस्तकाचं कव्हर एकटं टाकलं तर लोक ‘मस्त’ म्हणून पुढे जातात. त्याच कव्हरची नापसंत झालेली दोन रेखाटनं शेजारी ठेवून, संपादकांनी काय सांगितलं आणि रंग का बदलला हे चार ओळींत लिहिलं, तर पाहणाऱ्याला कळतं की ही बाई विचार करून काम करते आणि करेक्शन आल्यावर तोंड वाकडं करत नाही. पैसे देणाऱ्याला हेच जाणून घ्यायचं असतं. काम कसं होतं ते दाखवणं हे तयार काम दाखवण्यापेक्षा जास्त बोलकं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

चित्रकारांनी आणि अक्षरकारांनी याची फार चांगली उदाहरणं घालून दिली आहेत. अमेरिकेतले चित्रकार जेक पार्कर यांनी २००९ साली ऑक्टोबर महिन्यात रोज शाईने एक चित्र काढायचं ठरवलं आणि त्यातून इंकटोबर ही जगभरची प्रथा झाली. २०१४मध्ये बार्सिलोनातल्या दोन डिझायनरांनी ‘३६ डेज ऑफ टाइप’ सुरू केलं: २६ रोमन अक्षरं आणि १० अंक, रोज एक. क्लायंट मिळवणं हा यामागचा हेतू नव्हता, पण एकाच विषयावर महिनाभर चाललेलं काम पाहिल्यावर कला दिग्दर्शकांना त्या माणसाचा हात ओळखू येतो. देवनागरीची मुळाक्षरं घेऊन असा उपक्रम कुणीही स्वतःच ठरवून करू शकतं. त्यासाठी कुणी स्पर्धा भरवायची वाट पाहायला नको.

एक अट पाळावीच लागते. क्लायंटचं काम त्याच्या परवानगीशिवाय दाखवायचं नाही. पुस्तकाचं कव्हर प्रकाशनाआधी बाहेर आलं, किंवा कंपनीच्या नव्या उत्पादनाचा फोटो आधीच पडला, तर नुकसान त्यांचं होतं आणि नाव तुमचं जातं. काम घेतानाच ‘प्रकाशनानंतर मी हे माझ्या पानावर दाखवलं तर चालेल ना?’ असं विचारून लेखी होकार घ्यावा. गोपनीयतेच्या करारामुळे दाखवता येत नसेल, तर त्याच धर्तीचं एक काम स्वतःसाठी करून ते दाखवावं.

दाखवण्यापेक्षाही जास्त फळ देणारी एक गोष्ट आहे: दुसऱ्याच्या अडचणीला उत्तर देणं. अनुवादकांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. प्रोझ ही अनुवादकांची साइट १९९९मध्ये सुरू झाली, म्हणजे फेसबुकच्या पाच वर्षं आधी. तिच्यावर कुडोज नावाचा एक विभाग आहे. अनुवादक एखाद्या संज्ञेला अडला की तो शब्द संदर्भासकट तिथे मांडतो. त्या भाषेतले इतर अनुवादक पर्याय सुचवतात, कारणं देतात, एकमेकांशी सहमती किंवा असहमती नोंदवतात. शेवटी विचारणारा सर्वांत उपयोगी उत्तर निवडतो आणि ते देणाऱ्याला गुण मिळतात. हे गुण त्या साइटवरच्या अनुवादकांच्या सूचीत तुम्हाला वर आणतात, आणि संस्था अनुवादक शोधतात ते त्याच सूचीत. समजा औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्णांकडून घ्यायची संमतिपत्रकं मराठीत करायची आहेत. इंग्रजीतल्या एखाद्या वैद्यकीय संज्ञेला ग्रामीण भागातल्या रुग्णाला कळेल असा मराठी शब्द कुणी सुचवला, आणि पाठ्यपुस्तकातला शब्द तिथे का चालणार नाही हे समजावलं, तर ते उत्तर वर्षानुवर्षं तिथे राहतं. तीन वर्षांनी कुणी प्रकल्प-व्यवस्थापक ते वाचतो आणि त्याला हवा तो माणूस सापडतो. स्वतःच्या कौशल्याबद्दल ‘मी तज्ज्ञ आहे’ असं लिहिण्याने ते कधीच झालं नसतं.

याच साइटवर ब्लू बोर्ड नावाची दुसरी सोय आहे. अनुवादक काम देणाऱ्या संस्थांना तिथे १ ते ५ असे गुण देतात. प्रश्न इतकाच असतो, या संस्थेचं काम पुन्हा घ्याल का? पैसे बुडवणाऱ्या संस्था तिथे लपत नाहीत. नवं काम घेण्याआधी हा फलक पाहणं ही जगभरच्या अनुवादकांची सवय झाली आहे. प्रत्येक व्यवसायाला अशी जागा हवी होती. जिथे ती नाही, तिथे समव्यावसायिकांचा एखादा ग्रुप ते काम करतो.

समव्यावसायिकांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण नवखे फ्रीलान्सर त्यांना प्रतिस्पर्धी समजून लांब ठेवतात आणि आपलंच नुकसान करून घेतात. मराठीतला दिवाळी अंकांचा हंगाम घ्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने ही परंपरा सुरू केली, आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चित्रकार, मुद्रितशोधक आणि अंक लावणारे डीटीपीवाले यांच्यापैकी कुणाकडेही मान वर करायला वेळ नसतो. याच दिवसांत एखादा संपादक फोन करतो, ‘चार कथांना चित्रं हवीत, आठवड्यात.’ ज्याला फोन आला त्याचा हात रिकामा नसतो. ‘नाही जमणार’ एवढं म्हणून फोन ठेवला तर संपादकाची अडचण तशीच राहते. ‘मला जमणार नाही, पण अमुक जणीला विचारा, तिचं काम पाहून घ्या’ असं म्हणता आलं तर तिघांचंही भलं होतं. ते म्हणता येण्यासाठी त्या अमुक जणीचं काम आधी डोळ्यांखालून गेलेलं असावं लागतं. चित्रकारांनी एकमेकांना फॉलो करायचं, चांगल्या कामाला मनापासून दाद द्यायची आणि रेटबद्दल एकमेकांशी मोकळेपणाने बोलायचं ते यासाठी. हंगामात पाठवलेलं काम पुढच्या उन्हाळ्यात, हात रिकामे असताना, परत येतं.

फेसबुकवरच्या शहरांच्या ग्रुपमध्येही हेच घडतं. ‘ठाण्यात घरगुती कार्यक्रमासाठी चांगला फोटोग्राफर सुचवा’ अशी पोस्ट पडते. खाली वीसजण स्वतःचेच नंबर टाकतात आणि ते कुणी वाचत नाही. एखादी गृहिणी लिहिते, ‘माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो यांनी काढले, अगदी वेळेत दिले’ आणि एका नावाला टॅग करते. काम त्याला जातं. तेव्हा काम संपल्यावर, क्लायंट खूश असतानाच, त्याला सांगून ठेवावं: कुणी विचारलं तर माझं नाव सुचवा. लिंक्डइनवर दोन ओळींची शिफारस मागायलाही तीच वेळ योग्य. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. चांगलं काम झालं असेल तर बहुतेक लोक आनंदाने लिहितात, फक्त त्यांना आठवण करून द्यावी लागते.

महाराष्ट्रात व्हॉट्सअ‍ॅपला वगळून धंद्याचं बोलताच येत नाही. जानेवारी २०१८मध्ये त्याचं छोट्या व्यावसायिकांसाठीचं वेगळं अ‍ॅप आलं. त्यात कामाचा कॅटलॉग ठेवता येतो, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवता येतात आणि संवादांना लेबलं लावता येतात: नवा ग्राहक, पैसे येणं बाकी, काम पूर्ण. ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल मात्र अनेकांचा गैरसमज असतो. एका यादीत २५६ नंबर बसतात हे खरं; पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. तुम्ही कितीही नंबर गोळा करा, समोरच्याने तुम्हाला ओळखीचं मानलेलं असल्याशिवाय काही उपयोग नाही. म्हणून काम पूर्ण झाल्यावर ‘माझा नंबर सेव्ह करून ठेवा’ म्हणणं, आणि मग महिन्यातून एकदाच, कामाची अशी काही गोष्ट पाठवणं योग्य. रोज सकाळी सुविचार पाठवणाऱ्याला लोक म्यूट करतात आणि मग त्याचं कोटेशनही वाचलं जात नाही.

या सगळ्या जागा दुसऱ्याच्या आहेत, हे विसरून चालत नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. ज्यांची सगळी ओळख त्या एका अ‍ॅपवर उभी होती त्यांचे लाखो प्रेक्षक एका रात्रीत दिसेनासे झाले. त्यात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली मुलंमुलीही होती. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं होतं. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदमच सुमारे सहा तास बंद पडली. ज्या दिवशी क्लायंटला फाइल द्यायची तोच दिवस असा निघाला तर? प्रत्येक क्लायंटचं नाव, ईमेल, फोन नंबर, कोणतं काम केलं, कुणाच्या सांगण्यावरून आला, हे स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवायला हवं. शेवटचा रकाना फार बोलका असतो. वर्षअखेरीस तो पाहिला की कोणत्या साइटवर वेळ द्यायचा ते आपोआप कळतं, आणि बहुतेकदा फॉलोअरच्या आकड्याशी त्याचा काही संबंध नसतो.

अनोळखी माणसांकडून काम येऊ लागलं की फसवणारेही येतात. फोटोग्राफर, केटरर, शिकवणीवाले यांना गाठणारा एक प्रकार आता सर्वत्र माहीत झाला आहे. समोरचा स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवतो, रेटबद्दल घासाघीस करत नाही, आणि अ‍ॅडव्हान्स पाठवतो म्हणून एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतो. स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं. तरीही फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करावा. जितका लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

खऱ्या क्लायंटशीही बोलणं डीएममध्येच पुरं करू नये. चौकशी तिथे झाली की फोनवर बोलावं, आणि ठरलेलं सगळं ईमेलने पाठवावं: काम काय, किती दिवसांत, रेट काय, अ‍ॅडव्हान्स किती, किती वेळा करेक्शन करून देणार, त्यापुढे किती पैसे. हा ईमेल अडचणीच्या वेळी उपयोगी पडतो. पैसे अडकले तर आणखी एक आधार आहे: सेवा देणाऱ्या एकट्या व्यावसायिकालाही छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करता येते, आणि ती विनामूल्य आहे. नोंदणी असेल तर २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे काम स्वीकारल्यावर पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात आणि ती तारीख ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही ठरलेलंच नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक छापलेला असेल तर कंपनीच्या हिशेब विभागालाही हे सगळं न सांगता कळतं.